धीट की ढीठ?

आमच्या घरात मारवाडी-हिंदी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. परवा शेजारच्या काकू लेकीला कौतुकाने म्हणाल्या, "धीट आहे हो पोरगी!" त्या गेल्यावर सासूबाई माझ्यावरच रागावल्या. "पोरीला ढीठ म्हणाली, आणि तू हसत बसलीस?"

चूक दोघींचीही नव्हती. शब्द एकच. संस्कृतातला 'धृष्ट', 'धृष्' म्हणजे धाडस करणे यावरून आलेला. इंग्रजीतला 'डेअर'सुद्धा याच कुळातला. प्राकृतात त्याचा 'धिट्ठ' झाला. आपल्या हेमचंद्राचार्यांच्या प्राकृत व्याकरणात हे रूप आहे. पुढे हिंदीत 'ढीठ' निर्लज्ज, कोडगा राहिला. मराठीत मात्र 'धीट' न घाबरणारा झाला. निर्लज्जपणा 'धृष्टता' या जड शब्दाकडे उरला.

गंमत पुढेच आहे. संस्कृत काव्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगतात: अनुकूल, दक्षिण, धृष्ट आणि शठ. यातला धृष्ट म्हणजे दुसरीकडे जाऊन आलेला, पकडला गेला तरी न लाजणारा. तरी तो नायकच! हेच बाईने केलं तर तिला काय म्हणतील, ते लिहायला नको.

हा प्रश्न आपल्या बुलढाण्याच्याच एका बाईने छापून विचारला होता. ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी मात्र साऱ्या स्त्रीजातीलाच धारेवर धरलं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उलट विचारलं, की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? पुस्तक पुण्यात छापलं. अर्थातच टीका झाली. जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही पुढे विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा आपल्यापर्यंत आलं.

त्या काळच्या किती घरांत त्यांना 'धीट' म्हटलं असेल, आणि किती घरांत 'ढीठ'?

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, "मराठीत म्हणू दे काकूंना. पण तिच्या नानीसमोर नको."