कोटातला फेरफटका

आमच्या लहानपणी गिरगावातली जुनी माणसं 'फोर्टात' न म्हणता 'कोटात' जातो म्हणायची. कोट म्हणजे तटबंदी. आता तो तट कुठे आहे म्हणून विचाराल तर सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात उरलेला एक तुकडा सोडला तर काही दिसत नाही. चर्चगेट नावाचं गेट नाही, बझारगेटचंही नाही. रॅम्पार्ट रो नावाचा रस्ता होता, तटाच्या रेषेवरचा, त्याचंही नाव आता के. दुभाष मार्ग आहे. नावं तेवढी राहिली आणि त्यातलीही काही गेली.

हे लिहायचं कारण असं की हल्ली वर्तमानपत्रांत 'ऐतिहासिक फोर्टचं पुनरुज्जीवन' अशा मथळ्याची बातमी वरचेवर येते. अमुक इमारत स्वच्छ केली, तमुक कारंजं पुन्हा सुरू झालं. वाचून बरं वाटतं. पण इतिहासाच्या मास्तराची खोड जात नाही. आज आपण जो फोर्ट जपायला निघालो आहोत, तोच मुळी एका प्रचंड पाडापाडीतून उभा राहिलेला आहे, हे कोणी सांगत नाही.

इंग्रजांनी तट बांधला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं आणि तटाभोवती खंदक खणायचं ठरलं. त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. (वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. मराठ्यांच्या भीतीनं खणलेला खंदक!) पुढे शंभर वर्षांत ती भीतीही गेली आणि तट नुसताच अडचण होऊन बसला. आत दाटी, घाण, रोगराई. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरने तट पाडायचा निर्णय घेतला. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचं, म्हणजे जुनी मुंबई मोडत असतानाच ते पुस्तक बाहेर पडलं. आपल्या भाषेत या शहराचं पहिलं मोठं वर्णन लिहिलं गेलं ते नेमकं शहर बदलण्याच्या घटकेला, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पैसा कुठून आला? अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तटाची जागा मोकळी झाली, तिचे प्लॉट लिलावात गेले. १८६५ साली युद्ध संपलं आणि फुगा फुटला. मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. प्रेमचंद रायचंद त्यातलेच. पण त्यांनी आईच्या नावानं दिलेल्या दोन लाखांतून राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला. सट्ट्याचा पैसा बुडाला आणि दानाचा पैसा दगड होऊन राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

चर्चगेटच्या वेशीच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन बसवलं. ते खरं भायखळ्याच्या बागेसाठी होतं, पण आणलं गेलं इथे. हॉर्नबी रोड, म्हणजे आपला डी. एन. रोड, त्यानंतर हळूहळू भरत गेला. तिथल्या कमानींखालून तुम्ही सगळे कधी ना कधी चालला असाल. त्या कमानी कुणा एका शेठजीच्या हौसेनं झालेल्या नाहीत. १८९६ च्या नियमानं प्रत्येक इमारतीला रस्त्याच्या बाजूनं कमानींची पडवी ठेवणं भाग होतं. वर इमारत गॉथिक असो की आणखी कसली, खाली पादचाऱ्याला पावसात न भिजता जाता आलं पाहिजे. म्हणून एवढ्या वेगवेगळ्या इमारती असूनही तो रस्ता एकसंध दिसतो. आज नव्या टॉवरांच्या दाराशी पावसात उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा मला हा १८९६ चा नियम आठवतो.

आता जरा पुढे उडी मारू. स्वातंत्र्यानंतर कोटाला उतरती कळा लागली. पहिलं कारण भाडेनियंत्रण. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. तो कायदा झाला तेव्हा त्याची गरज होती, युद्धानंतर गरीब माणसाला छप्पर मिळालं ते त्यानं. पण तो तात्पुरता कायदा पुढे अर्धशतक चालला. आमच्या आत्याच्या गिरगावातल्या खोलीचं भाडं इतकं कमी होतं की मालकाचा माणूस वसुलीला येई त्याला चहा पाजायचा खर्च भाड्याच्या जवळपास जाई. मग मालक दुरुस्ती कशाला करील? भाडेकरू म्हणे इमारत माझी नाही, मालक म्हणे माझी असून नसल्यासारखी. मधल्या मध्ये तुळया कुजत गेल्या. १९६९ मध्ये सरकारनं उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा बेट शहरात अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांवर भरल्या. एकोणीस हजार! ठिगळं लावता लावता मंडळाचे हात टेकले यात आश्चर्य नाही.

दुसरं कारण, धंदा हलला. नरिमन पॉइंटला उंच कचेऱ्या झाल्या, मग वांद्रे-कुर्ला संकुल आलं. संध्याकाळी सहानंतर फोर्टात चिटपाखरू दिसेनासं झालं. काळ्या घोड्याचा घोडाही १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, वरच्या सातव्या एडवर्डसकट. चौकाला नाव तेवढं राहिलं आणि मोटारी उभ्या करायची सोय झाली.

वारं फिरलं ते १९९५ च्या सुमारास. त्या वर्षी मुंबईसाठी वारसा इमारतींची नियमावली आली, यादी झाली, श्रेणी ठरल्या. देशात अशी पहिलीच. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन निघाली, तिनं उत्सव सुरू केला, त्या पैशातून फुटपाथ, दिवे, डागडुजी सुरू झाली. डी. एन. रोडवर दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. त्या दुकानदारांना समजावून, पाट्या लहान करून कमानीच्या आत बसवण्याचं काम आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी हाती घेतलं. मला या सगळ्या पुनरुज्जीवनात हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. त्याला कोट्यवधी लागले नाहीत, दारोदार जाऊन बोलावं लागलं.

पण खरी गोष्ट पाहायची तर काळ्या घोड्याच्या नाक्यावर उभं राहावं.

एका बाजूला डेव्हिड ससून लायब्ररी. सुरुवात १८४७ ची, टांकसाळ आणि गोदीतल्या कामगार-कारागिरांनी काढलेली संस्था. इमारत १८७० ची. खर्च सव्वा लाख, त्यातले साठ हजार ससून घराण्याचे. मालाडचा पिवळसर दगड, मागे बाग, आणि वरच्या सज्जात आरामखुर्च्यांवर पेंगणारे सभासद. (पेंगणाऱ्यांवर मी टीका करत नाही, ती जागाच तशी आहे.) साठाच्या दशकात तिच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला होता, तो गळायचा. अलीकडच्या दुरुस्तीत तो काढून पूर्वीसारखं उतरतं छप्पर बसवलं. २०२३ मध्ये काम पुरं झालं. पैसा उद्योगसमूहांच्या प्रतिष्ठानांनी दिला. जवळच्या गल्लीतलं १८८४ चं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर, केनेसेथ एलियाहू, तेही २०१९ मध्ये असंच उजळलं.

आणि लायब्ररीच्या जवळच एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६७ ते ६९ या काळात उभारलेलं. ओतीव लोखंडाचा सगळा सांगाडा इंग्लंडात तयार केला, जहाजातून आणला आणि इथे जोडला, लहान मुलांचा मेकॅनो जोडावा तसा. अशा लोखंडी इमारतींत भारतात उरलेली ती सर्वांत जुनी मानली जाते. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती इथे, तिकीट एक रुपया. तीनच वर्षांनी आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, कुस्तीचं चित्रीकरण केलं. त्याच १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं खुसखुशीत लिहून ठेवलं. (टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळे सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे, पुरावा मागू नये.)

हॉटेल बंद पडलं, खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या. शेजारी सेशन्स कोर्ट, त्यामुळे वकीलच वकील. आत पार्टिशनं, पोटमाळे, वायरींची जाळी. २००५ च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. २००६ मध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी केली. आयआयटीच्या अहवालात पाडावी असं मत पडलं, तर वारसा जाणणाऱ्या तज्ज्ञांनी दुरुस्ती होऊ शकते असं सांगितलं.

दोन्ही इमारती एकाच काळातल्या, एकाच नाक्यावरच्या, एकाच समुद्राचा खारा वारा खाणाऱ्या. मग एक उजळली आणि दुसरी झिजत का गेली? दगड टिकला आणि लोखंड गंजलं हे थोडंफार खरं. पण मला वाटतं मुख्य फरक मालकीचा. लायब्ररीला विश्वस्त आहेत, सही करायला एक हात आहे, देणगीदाराचं नाव लावायला भिंत आहे. वॉटसनमध्ये एक मालक आणि ढीगभर भाडेकरू, प्रत्येकाचा हक्क आणि प्रत्येकाची केस. तिथे पैसा द्यायचा कुणाला? आपण ज्याला पुनरुज्जीवन म्हणतो ते बहुतेक करून संस्थांच्या इमारतींचं झालं आहे. जिथे माणसं राहतात किंवा भाड्यानं बसतात तिथे ते पोचतच नाही. २०१८ मध्ये युनेस्कोनं ओव्हलभोवतालच्या ९४ इमारती जागतिक वारशात घेतल्या, त्याचा मला आनंद आहे. पण यादीत नाव आलं म्हणून तुळई बदलत नाही.

भुयारी मेट्रोच्या वेळी हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. डी. एन. रोडवरचं जे. एन. पेटिट वाचनालय १८९८ चं, उत्तम रीतीनं दुरुस्त झालेलं, २०१५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालेलं. २०१७ मध्ये मेट्रोचं काम चालू असताना त्याच्या माथ्यावरच्या दगडी नक्षीचा तुकडा निखळून पडला. विश्वस्त उच्च न्यायालयात गेले, काही काळ काम थांबलं, तज्ज्ञ बसले. पेटिटला विश्वस्त होते म्हणून हे झालं. काळबादेवी-गिरगावच्या स्टेशनांसाठी ज्या जुन्या चाळी पाडल्या, त्यांच्यासाठी 'वारसा' हा शब्द कुणी फारसा काढला नाही. भांडण झालं ते पुनर्वसनाचं, आणि ते रास्तच होतं. आमची आत्या असती तर म्हणाली असती, मला लिफ्ट द्या आणि घरात संडास द्या, तुमचे लाकडी कठडे ठेवा म्युझियममध्ये. तिनं चाळीस वर्षं सार्वजनिक संडासासमोर रांग लावली होती. तिला चाळीचं प्रेम शिकवायला मी कोण?

तरीही मेट्रोविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते, आणि हुतात्मा चौकात जमिनीखालून वर येता येतं. वर आलं की फ्लोरा. तिच्यावर थर थर रंग फासला होता, तो काढून २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू केलं. त्या कामाच्या वेळी रस्त्याखाली ट्रामचे रूळ सापडले. शेवटची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला धावली, त्यानंतर रूळ डांबराखाली तसेच पडून होते. म्हणजे त्या एका चौकात वेशीची जागा, विलायती कारंजं, ट्रामचे रूळ, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं १९६१ चं स्मारक आणि आता मेट्रो. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार इथलाच. 'मूळ रूप' द्यायचं म्हटलं तर यातलं कुठलं? माझ्या मते कुठलंच मोडू नये, एकाशेजारी एक नांदू द्यावं.

काळ्या घोड्यावर २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. एडवर्डसाहेब राणीच्या बागेतच राहिले. हा तोडगा मला फार आवडला.

अमेरिकेतली आमची भाचेमंडळी डिसेंबरात येणार आहेत. त्यांना सांगून ठेवतो, टॅक्सी करू नका. सीएसएमटीला उतरून डी. एन. रोडच्या कमानीखालून फ्लोरापर्यंत चाला, तिथून काळा घोडा. लायब्ररीच्या बागेत बसायला मिळतं का विचारा. रविवारी सकाळी गेलात तर रस्ता मोकळा मिळतो, आणि मान वर करून चालता येतं. पायाखाली मात्र बघा, फुटपाथच्या लाद्या अजून हलतात.