छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

मुंबईतील मध्य रेल्वेचे अंतिम स्थानक व त्या रेल्वेचे मुख्यालय. त्याच परिसरातील आधीचे स्थानक : बोरीबंदर. आधीची नावे : व्हिक्टोरिया टर्मिनस (व्हीटी), छत्रपती शिवाजी टर्मिनस (सीएसटी). फलाट १८, पैकी ७ लोकल गाड्यांचे, ११ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. शहरातील सर्वांत जुने स्थानक असा मान त्याला मिळतो तो जागेमुळे. इमारतीच्या वयाचा प्रश्न वेगळा आहे. आज उभ्या असलेल्या स्थानक-इमारतींत भायखळ्याची इमारत याहून जुनी मानली जाते.

बोरीबंदर : १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास भारतातील पहिली प्रवासी आगगाडी येथून ठाण्याला निघाली. अंतर ३४ किमी., डबे १४, निमंत्रित सुमारे ४००. साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी गाडी ओढली. निघताना २१ तोफांची सलामी झाली. गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे (जीआयपी) कंपनीची होती. कंपनीच्या उभारणीत जगन्नाथ (नाना) शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई यांचा पुढाकार होता. स्थानक लाकडी आणि साधेच होते. भोर घाट (१८६३) व थळ घाट (१८६५) रेल्वेने ओलांडल्यावर दख्खनचा व वऱ्हाडचा कापूस थेट बंदरापर्यंत येऊ लागला. एवढ्या वाहतुकीला जुने स्थानक पुरेनासे झाले.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. बोरीच्या झाडांवरून नाव पडले असे काही म्हणतात. धक्क्यावर बोऱ्या, म्हणजे पोती, रचून ठेवत त्यावरून, असे दुसरे मत. मराठीत पोत्याला गोणी म्हणण्याचा प्रघात अधिक आणि बोरी नावाची गावे मात्र पुष्कळ, ही गोष्ट पहिल्या मताच्या बाजूने जाते. पण बंदरावरची बोली नुसती मराठी कधीच नव्हती, हेही विसरता येत नाही.

व्हिक्टोरिया टर्मिनस : ‘बोरीबंदरचे नाव बदलून व्हीटी झाले’ असे सर्रास लिहिले जाते, ते ढिसाळ आहे. जुन्या स्थानकाची पाटी बदलली नाही, त्याच परिसरात नवी वास्तू उभी राहिली आणि तिला नवे नाव मिळाले. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ मध्ये सुरू झाले, ते सुमारे दहा वर्षे चालले. इमारतीचा खर्च सुमारे १६ लाख रुपये. १८८७ मध्ये राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाला नामकरण झाले. स्टीव्हन्सनेच पुढे समोरची महापालिकेची इमारत (१८९३) बांधली.

शैली व्हिक्टोरियन गॉथिक, तीत इटालियन वळण आणि भारतीय अलंकरण मिसळलेले. मधोमध अष्टकोनी, फासळीदार दगडी घुमट. त्यावर ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती, उंचावलेल्या उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह (ब्रिटन) व दुसरीकडे वाघ (हिंदुस्थान), दोन्ही पोरबंदर दगडात घडवलेले. या मूर्ती टॉमस अर्प याच्या. पानाफुलांची, मोर-माकडांची नक्षी सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे, आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते इमारतीचा खरा जीव तीत आहे, घुमटात नव्हे. दर्शनी भिंतीवरील गोल शिल्पपटांत नाना शंकरशेट व जीजीभाई यांचे चेहरे आहेत. गर्दीत मान वर करून ते पाहण्याची सवड मात्र फार थोड्यांना होते. उपनगरी तिकीटघराच्या छतावर निळ्या रंगावर सोनेरी तारे होते, म्हणून ते दालन ‘स्टार चेंबर’. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला आणि कोनाडा रिकामा राहिला.

विद्युतीकरण : ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरची गाडी येथून हार्बर मार्गाने कुर्ल्यास गेली.

मध्य रेल्वे : १९५१ पासून मुख्यालय येथेच.

नंतरची नामांतरे : शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, पाठोपाठ मार्च १९९६ मध्ये स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले. नुसत्या एकेरी नावावर आक्षेप येत राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये विधिमंडळात ठराव झाला आणि २०१७ मध्ये ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. रेल्वेच्या संकेताक्षरांत हा बदल केवळ दोन अक्षरांच्या अदलाबदलीचा दिसतो : सीएसटीएमचे सीएसएमटी झाले. पहिल्यातला ‘एम’ मुंबईचा होता, दुसऱ्यातला महाराजांचा.

२६ नोव्हेंबर २००८ : दहशतवादी हल्ल्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला झालेल्या गोळीबारात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याच्या सूचना सतत दिल्याने अनेकांचे प्राण वाचले.

लोकव्यवहार : जुन्या पिढीच्या तोंडी व्हीटी, नंतरच्यांच्या तोंडी सीएसटी. बोरीबंदर हे नाव स्थानकापुरते मागे पडले तरी वृत्तपत्रसृष्टीत टिकले. समोरच्या इमारतीतून निघणाऱ्या टाइम्स ऑफ इंडियाला ‘बोरीबंदरची म्हातारी’ म्हणतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत वास्तूचा समावेश २००४ मध्ये झाला. तेथील नोंद छत्रपती शिवाजी टर्मिनस या नावाने असून पुढे कंसात ‘पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस’ असे दिले आहे.