मनाला हाक मारण्याची कुळकथा

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेला जांब नावाचं गाव आहे. आता त्याला जांब समर्थ म्हणतात. इथे 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. तोच पुढे रामदास झाला. त्याच्या लहानपणाची जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती पराक्रमाची नाही. मुलगा दिसेनासा होतो. आई राणूबाई घर धुंडाळते, तेव्हा तो अडगळीत, अंधारात बसलेला सापडतो. काय करतोस असं विचारल्यावर सांगतो की जगाची काळजी करतोय. वडील त्याच्या लहानपणीच वारले होते. या आख्यायिकेवर चढवलेलं बालयोग्याचं तेज क्षणभर बाजूला ठेवलं, तर बाप गेलेलं, अंधारात स्वतःशीच बोलत बसलेलं पोर उरतं. मराठीत मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची जी रीत घरोघर पोचली, तिचं कूळ शोधताना मला या अडगळीपाशी थांबावंसं वाटतं.

रीत तशी जुनी आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात कवी स्वतःच्या चित्ताला हटकतो. त्याच्या शतकांना मराठीत आणलं ते वामनपंडितांनी, रामदासांच्याच काळात. दुसऱ्या शतकातला रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस स्वतःला उद्देशून ग्रीकमध्ये टिपणं लिहीत असे. तुकारामांच्या अभंगांत मनाला घातलेल्या समजुती आहेतच. पण हे सगळं एकट्याने एकट्याशी केलेलं बोलणं होतं. ते दारोदार म्हणता येईल, लेकराला पाठ होईल आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच मनाला लागू पडेल, अशी सोय रामदासांनी केली.

ती सोय म्हणजे त्यांचे ‘मनाचे श्लोक’. तिची गरज का पडली, हे ते श्लोक वाचून पुरतं कळत नाही. त्यासाठी त्यांच्याच दासबोधाचं तिसरं दशक उघडावं लागतं. तिथे ‘स्वगुणपरीक्षा’ नावाचे एकापाठोपाठ चार समास, म्हणजे प्रकरणं, आहेत. त्यांत एका बिननावाच्या गृहस्थाचा जन्म सांगितला आहे. लग्न, संसाराची हौस, लेकरांचा सोस, मग लेकरं झाल्यावर खायला नाही, पैशासाठी परमुलूख, बायकोचं मरण, पुन्हा लग्न, पुन्हा तोच फेरा, आणि शेवटी पोटच्या पोरांनाही नकोसं झालेलं म्हातारपण. मागेपुढे जन्माचं दुःख, तीन ताप आणि मृत्यू यांवरचे समास आहेत. माणसाच्या आयुष्यातून अर्थ असा एकेक करून काढून घेणारं, इतकं निष्ठुर लेखन जुन्या मराठीत दुसरं मी वाचलेलं नाही. त्यात कुठेही घाईने दिलेला दिलासा नाही.

हे त्यांनी ऐकीव माहितीवर लिहिलेलं नव्हतं. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी, मंगलाष्टकांतला ‘सावधान’ ऐकून, नारायण आसनगावच्या लग्नमांडवातून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं त्याने जप केला आणि पुढची बारा वर्षं देश पायी पालथा घातला. या काळातच 1630 ते 1632 चा दुष्काळ येऊन गेला. गुजरात आणि दख्खन या दुष्काळाने ओस पाडले. गावं उठली, माणसं देशोधडीला लागली. ‘अस्मानी सुलतानी’ या विषयावर रामदासांनी जे लिहिलं, त्यात भुकेने माणुसकी सुटलेली माणसं दिसतात. त्यांच्यापुढे उभं राहून जग असार आहे असं सांगण्याला काहीच अर्थ नव्हता. ते त्यांना माहीतच होतं.

रामदासांची चाल मला इथे मोठी वाटते. सगळं व्यर्थ आहे, असं म्हणणाऱ्याशी ते वाद घालत नाहीत. त्याचं म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य करून टाकतात. जगात पुरता सुखी कोण आहे ते तूच शोधून पाहा, असं ते मनाला सुचवतात. एक मरतो, दुसरा त्याच्यासाठी रडतो आणि मग तोही जातो, हेही सुनावतात. मात्र तिथे थांबू देत नाहीत. शून्यालाच ब्रह्म समजून बसू नका, हे दासबोधात ते पुन्हापुन्हा बजावतात. सगळं नाकारल्यावर उरणारी पोकळी हे त्यांच्या लेखी मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. पोकळी दिसल्यावर सकाळी उठून काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. श्लोक त्या प्रश्नातून आले, म्हणून त्यांत पहाटेचा उल्लेख आहे, बोलण्याचालण्याची शिस्त आहे, रागाला आणि हव्यासाला आवर आहे.

श्लोक 205 आहेत. सगळे भुजंगप्रयातात: एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. प्रत्येक ओळीत 12 अक्षरं. हे वृत्त चालता चालता म्हणता येतं. श्वास तुटत नाही आणि अर्थ ओळीगणिक पुरा होतो. चाफळला 1648 च्या सुमारास राममंदिर उभं राहिलं आणि उत्सव सुरू झाले. एका वर्षी उत्सवाची शिधासामग्री येईना, तेव्हा समर्थांनी, म्हणजे रामदासांनी, रातोरात हे श्लोक सांगितले, शिष्य कल्याणस्वामींनी उतरून घेतले आणि शिष्य ते म्हणत गावोगाव भिक्षेला गेले, अशी सांप्रदायिक कथा आहे. रातोरात की नाही याला मी महत्त्व देत नाही. भिक्षेशी घातलेली सांगड मात्र फार महत्त्वाची. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे. भिक्षेच्या मिषाने लहानथोर सगळ्यांची पारख करावी, लोक जाणून घ्यावेत, असंही दासबोधात अन्यत्र सांगितलं आहे. म्हणजे दारात उभा राहणारा रामदासी एक श्लोक म्हणून ‘जय जय रघुवीर समर्थ’ गर्जायचा, मूठभर धान्य घ्यायचा आणि घरात कोण कसं आहे हेही पाहून जायचा. ज्या मनाला तो हाक मारत होता ते त्याचं स्वतःचं होतं, आणि उंबऱ्याच्या आत ऐकणाऱ्या बाईचंही.

रामदासांच्या शिष्या वेणाबाई यांचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. लहानपणी विधवा झालेल्या या मुलीच्या आयुष्यात आता काही उरलेलं नाही, असा निकाल समाजाने देऊन टाकला होता. हा शून्यवाद तिने पत्करलेला नव्हता, तिच्यावर लादलेला होता. रामदासांनी तिला कीर्तनाचा अधिकार दिला आणि मिरजेचा मठ तिच्याकडे सोपवला. ‘सीतास्वयंवर’ ही तिची रचना आजही अभ्यासली जाते. आयुष्याला अर्थ असतो की नाही, या चर्चेत मला तिचा मठ कुठल्याही सिद्धांताइतकाच भक्कम पुरावा वाटतो.

युरोपात शून्यवादासाठी निहिलिझम हा शब्द गाजला तो पुष्कळ नंतर. याकोबीने 1799 मध्ये फिश्टेला लिहिलेल्या पत्रात तो वापरला. 1862 मध्ये तुर्गेनेव्हच्या कादंबरीतल्या बझारोव्हमुळे तो घरोघर गेला. 1942 मध्ये काम्यूने सिसिफसच्या ग्रीक कथेच्या निमित्ताने विचारलं, की सगळं निरर्थक असेल तर जगायचं का आणि कसं. हा प्रश्न रामदासांच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. फक्त देवाशिवाय उत्तर शोधायचं, हा काम्यूचा पण होता.

मराठीत तो पण घेऊन आले बा. सी. मर्ढेकर. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह 1947 चा. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. चहा-कॉफी घेऊन विजेची गाडी गाठणाऱ्या नोकरदाराचा कंटाळा त्यांनी संतांच्या अभंगाच्या घाटात बसवला. घाट ओळखीचा आणि आतला देव बेपत्ता, ही त्या कवितांची वेदना आहे.

त्यानंतर 1963 मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, धाकटी बहीण मनी मरते आणि त्याच्या हातून सगळं सुटत जातं.  दासबोधाचं तिसरं दशक आणि ‘कोसला’ लागोपाठ वाचावेत, असं मी साहित्याच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. शाळांच्या पाठांतर स्पर्धांत श्लोक इतक्या वेगाने म्हणवून घेतले जातात, की त्यांच्यामागचा तो बिननावाचा गृहस्थ मुलांना कधी भेटतच नाही. ‘कोसला’तला पांडुरंग त्याचाच वंशज आहे. दोघांच्याही हातात शेवटी काही राहत नाही. फरक पुढच्या पानावर पडतो. दासबोधात मृत्यूनंतर वैराग्याचा समास येतो आणि चौथं दशक श्रवणभक्तीने, म्हणजे दुसऱ्याचं ऐकण्याने सुरू होतं. पांडुरंग परीक्षेत नापास होऊन सांगवीला परततो आणि गावातल्या रिकामटेकड्यांच्या गप्पांत जाऊन बसतो.