पाळणा फिरण्याच्या आधी

श्रावण लागला की आपल्या मंडळाचे सेक्रेटरी घरी येतात, चहा घेतात आणि उठता उठता म्हणतात, "यंदा तरी स्मरणिकेसाठी काही लिहा हो." आजवर मी टाळत आलो. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस मी. पहिली वर्षे न्यू कटनीच्या यार्डात मालगाड्या तपासण्यात गेली, मग बदली होऊन जबलपूरला आलो. लिहिण्याचा सराव म्हणाल तर ब्रेक पॉवर सर्टिफिकेट भरण्यापुरता. यंदा मात्र विषयही सेक्रेटरींनीच दिला. म्हणाले, "त्या पाळण्याबद्दल लिहा." जुन्या सभासदांना कोणता पाळणा ते लगेच कळेल. नव्यांसाठी ती हकीगत शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्या प्रसंगानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो आणि वाचताना लक्षात आले की जत्रेतला पाळणा आणि आमची रेल्वे यांचे नाते फार जवळचे आहे.

ज्याला आपण रोलर कोस्टर म्हणतो त्याचे मूळ रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. फ्रेंच लोक त्याला 'रशियन डोंगर' म्हणतात. गंमत म्हणजे खुद्द रशियात त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात! पण रुळांवरून धावणारा कोस्टर खऱ्या अर्थाने निपजला तो कोळशाच्या वाहतुकीतून. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाचे गाव होते. तिथे १८२७ साली खाणीपासून कालव्यापर्यंत सुमारे ९ मैलांचा रूळ टाकला. भरलेले डबे उतारावरून आपल्या वजनाने खाली येत आणि रिकामे डबे खेचरे वर ओढून नेत. ही खेचरेही येताना डब्यात बसून येत. या प्रवासाची त्यांना इतकी सवय झाली की पुढे उतारावर पायी चालायला ती तयारच होईनात, असे सांगतात. खेचरांना आवडले ते माणसांना आवडणारच. कोळशासाठी या मार्गाची गरज संपल्यावर १८७० च्या दशकात तो निव्वळ सहलीचा मार्ग झाला आणि १९३३ पर्यंत चालला. चढावर डबा मागे घसरू नये म्हणून तिथे दात्यांची पट्टी आणि तिच्यात अडकणारी कुत्री बसवलेली होती. (यंत्रकामात ज्याला कुत्रे म्हणतात ते, भुंकणारे नव्हे.) ही कुत्री लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८४ साली लामार्कस थॉम्प्सन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी पैसे घेऊन फिरवणारी अशी रेल्वे उभारली. तिकीट ५ सेंट, वेग ताशी ६ मैल. आपली शंटिंगची गाडीसुद्धा याहून जोरात जाते. पण लोकांनी रांगा लावल्या. तिथून पुढे हा धंदाच झाला.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. १८९३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले. चार वर्षांपूर्वी पॅरिसने आयफेल मनोरा उभारला होता, त्याला उत्तर हवे होते. ते दिले जॉर्ज फेरिस या तरुण इंजिनिअरने. आकाशपाळण्याला इंग्रजीत आजही त्याचेच नाव आहे. पण या फेरिसचा रोजचा धंदा काय होता? पाळणे बांधणे नव्हे. पिट्सबर्गमध्ये त्याची कंपनी होती आणि ती रेल्वे व पूल यांना लागणारे पोलाद तपासून देत असे. म्हणजे तो मुळात तपासनीस, आमच्याच जातकुळीतला. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले.

प्रदर्शन उघडायचे १ मे १८९३ रोजी आणि फेरिसला परवानगी मिळाली १८९२ च्या डिसेंबरात. शिकागोचा हिवाळा, जमीन गोठून दगड झालेली, त्याखाली पाण्याने भरलेली वाळू. खड्ड्यांतले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसायचे, काँक्रीट गोठू नये म्हणून वाफ सोडायची, असे करत पाया भरला. पाळण्याची उंची २६४ फूट, त्याला ३६ डबे आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे. मधला आस ४५ फूट लांब, वजन सुमारे ४० टन. एका तुकड्यात घडवलेले इतके मोठे पोलाद तोवर कोणी पाहिले नव्हते. थांबवण्यासाठी वेस्टिंगहाऊसचा एअर ब्रेक, जो आपण गाड्यांना लावतो तोच. वाफेची इंजिने दोन, प्रत्येकी १,००० अश्वशक्तीची. त्यातले एक राखीव, पहिले बंद पडले तर माणसे वर अडकू नयेत म्हणून.

१ मे उजाडला आणि पाळणा अर्धवटच. प्रदर्शन सुरू झाले, लोक येऊन त्या लोखंडी सांगाड्याकडे पाहून जाऊ लागले. रोजचे उत्पन्न बुडत होते. ९ जूनला पहिल्यांदा नुसते चाक, डबे न लावता, फिरवले. त्या दिवशी फेरिस स्वतः पिट्सबर्गला होता, कामावर त्याचे सहकारी राईस आणि ग्रोनाऊ. ग्रोनाऊ म्हणजे ज्याने सगळे हिशेब कागदावर मांडले तो. चाक हलले मात्र, वरून सुटे नट-बोल्ट आणि विसरलेले दोन-तीन पाने खाली पडू लागले! बोल्टच मुळी सुमारे १३ टन लागले होते, काही राहून जाणारच. पहिल्या फेरीला २० मिनिटे लागली. नुसत्या कागदावरच्या भरवशावर उभे राहिलेले ते चाक फिरताना पाहून ग्रोनाऊच्या पोटात काय झाले असेल, हे ज्याने गाडी 'फिट' म्हणून सही करून सोडली आहे त्यालाच कळेल. मग दोन दिवसांनी सहा डबे लावून पुन्हा चाचणी झाली. त्या वेळी डब्यात इंजिनिअरांबरोबर फेरिसची पत्नीही बसली होती. जनतेसाठी पाळणा सुरू झाला २१ जूनला, म्हणजे प्रदर्शन उघडल्यावर तब्बल ५१ दिवसांनी. पुढे त्याची साडेचौदा लाख तिकिटे खपली. त्या ५१ दिवसांत फेरिसवर काय दडपण आले असेल? डबे न लावता फिरवण्याची चाचणी गाळली असती तर काही दिवस वाचले असते. ती त्याने गाळली नाही.

आता त्या कुत्र्याकडे येऊ. सिनेमात कोस्टर चढ चढताना खट-खट-खट असा आवाज येतो आणि बसलेल्यांच्या छातीत धडधडते. तो आवाज म्हणजे साखळी तुटली तर डबा मागे येऊ नये म्हणून दात्यात पडणारी कुत्री. जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने तिचे पेटंट १९१० मध्ये घेतले. ज्या आवाजाने लोक घाबरतात तोच खरा धीर देणारा आवाज आहे. याच मिलरने १९१९ मध्ये रुळाच्या खालच्या अंगाने फिरणारे तिसरे चाक आणले. आपल्या गाडीच्या चाकाला आतल्या बाजूला फ्लँज असते, ती चाकाला बाजूला जाऊ देत नाही. पण वर उचलले जाण्यापासून गाडीला रोखते ते फक्त तिचे वजन. कोस्टर टेकडीच्या माथ्यावरून खाली झेपावतो तेव्हा वजन जणू नाहीसेच होते, म्हणून खालून धरणारे चाक हवे. या चाकाआधीचे कोस्टर मुद्दाम हळू चालवावे लागत. असाच १९०२ सालचा एक कोस्टर अल्टूना गावी आहे. अल्टूना म्हणजे पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या कारखान्यांचे गाव, त्यांचे जमालपूरच म्हणा. मेलबर्नच्या १९१२ सालच्या कोस्टरवर तर ब्रेक ओढणारा माणूस गाडीत उभा असतो. आमचा गार्डच की.

कोनी आयलंडवर १९२७ सालचा 'सायक्लोन' नावाचा कोस्टर आहे. ८५ फूट उंच, सांगाडा पोलादी पण रूळमार्ग लाकडी. म्हणजे फळ्यांवर फळ्या रचून, खिळे-बोल्ट मारून वर पोलादी पट्टी. थंडीत ही बाग बंद असते आणि खरे काम तेव्हाच चालते. डबे पूर्ण खोलायचे, चाके, बेअरिंग, आस वेगळे करायचे, रंग काढून तडे शोधायचे. सुतार कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवतात. लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने आकसते, बोल्ट सैल होतात. म्हणून हंगामात रोज सकाळी माणसाने हातोडी-पाना घेऊन सगळा मार्ग पायी चालून पाहायचा. आपला कीमॅन रोज काय वेगळे करतो? मग रिकामी गाडी सोडायची, मग वजन ठेवून. थंड सकाळी ग्रीस घट्ट असल्याने गाडी हळू जाते, दुपारी तीच गाडी वेग घेते. चालवणाऱ्याला याचा अंदाज ठेवावा लागतो.

परंपरेने हंगाम उघडतो ईस्टरच्या आधीच्या रविवारी. शेजारच्या बागेत त्या दिवशी धर्मगुरू येऊन यंत्रांना आशीर्वाद देतात आणि सायक्लोनच्या पहिल्या डब्यावर 'एग क्रीम' नावाचे पेय फोडतात. त्यात ना अंडे असते ना साय, नुसते दूध, सोडा आणि चॉकलेट. वाचून हसू आले, पण आपणही १७ सप्टेंबरला वर्कशॉपमध्ये विश्वकर्म्याची पूजा करून लेथला नारळ दाखवतोच ना. फक्त एक आहे, तिथे पूजा तपासणीनंतर होते.

आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ ला सुरू झाले, मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ ला. दोन्ही आज बंद आहेत. पण आपल्या बहुतेक मुलांचा पाळणा जत्रेतला. त्याला वर्षाचा एक हंगाम नसतो. दर पंधरा-वीस दिवसांनी नवे गाव, नवे मैदान, रात्रीतून उभारणी आणि संध्याकाळी उद्घाटन. थंडीतले चार महिने त्याला कधी मिळतच नाहीत.

आता २०१७ ची हकीगत. गणपती शुक्रवारी बसले आणि आनंदमेळा शनिवारी संध्याकाळी उघडायचा होता. सकाळी सेक्रेटरी सहज म्हणाले, "तुम्ही रेल्वेवाले, जरा नजर टाकून या." पाळण्याचे पाय जुन्या लाकडी स्लीपरांवर टेकवलेले. पावसाने माती बसली होती, ते पॅकिंग ठीक करून घेतले. दोन ठिकाणी स्प्लिट पिनच्या जागी तार पिळलेली होती, ती बदलायला लावली. मग मधल्या नाभीजवळ एका आऱ्याच्या वेल्डिंगला, ताज्या निळ्या रंगावर, एक तांबूस रेघ दिसली. वॅगनवाल्याला ही रेघ ओळखीची असते. वरून कितीही रंग मारा, तड्यातून गंज पाझरतोच. रंग खरवडला, रॉकेल लावले, पुसून कोरडे केले आणि वर शाळेतल्या खडूची पूड चोळली. अल्ट्रासॉनिक यंत्रे येण्यापूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आस असेच तपासत. पाच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर चार बोटे लांब ओली रेघ उमटली.

मालक म्हणाला, "साहब, पंद्रह साल से यही झूला चला रहे हैं." मी म्हटले चालवू नका. माझ्याकडे अधिकार कसलाच नव्हता, कोणी सही मागितली नव्हती. कमिटीत बोलाचाली झाली. अ‍ॅडव्हान्स दिलेला, तिकिटातला वाटा भंडाऱ्याच्या खर्चात धरलेला, रविवारची गर्दी तोंडावर. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तुम्हाला गाड्या लेट करायची सवयच आहे." सगळे हसले. मीही हसलो, पण तिथून हललो नाही. तेवढ्यात पाळण्याचा म्हातारा मिस्त्री आला, खडूची रेघ पाहिली, काही न बोलता गेला आणि मोटरचा पट्टा काढून खांद्यावर टाकून घेऊन आला. मला एवढेच म्हणाला, "मैंने पिछले मेले में ही बोला था."

मालकाच्या दुसऱ्या पाळण्याचा आरा सोमवारी रात्री आला. मंगळवारी वाळूची पोती भरून वीस फेऱ्या काढल्या, मग लोकांना बसवले. शनिवार-रविवारचे उत्पन्न गेले. त्या वर्षीच्या जमाखर्चात तूट आहे, पाहणाऱ्याला दिसेल. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मैत्रिणींना घेऊन आली होती, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते ज्येष्ठ सभासद बरेच महिने बोलले नाहीत. तो आरा तसाच ठेवला असता तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. कदाचित अकरा दिवस निघूनही गेले असते.

दुसऱ्या वर्षीपासून कमिटीने करारात एक ओळ घातली, उद्घाटनाच्या आधी एक दिवस पाळणा रिकामा आणि वजन ठेवून फिरवायचा. यंदाही फिरेल. सकाळी सहा वाजता मैदानात मी, माझा एक फिटर आणि पाळण्याचा मिस्त्री असू. तरुण सभासदांपैकी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे, जुने कपडे घालून यावे, कारण ग्रीसचे डाग निघत नाहीत. येताना एक खडूची पेटी आणा, गेल्या वर्षीची संपली आहे.