अंगणात सोडा त्यांना

मे महिन्यात चुलत बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. गावाकडचं घर, दारात मांडव, सत्तर-ऐंशी माणसं. पोरांसाठी काहीतरी हवं म्हणून भावजींनी शहरातून हवा भरायचा रबरी किल्ला भाड्याने आणला. सात-आठ वर्षांची पोरं त्यावर तुटून पडली. दोन-अडीच वर्षांचे चौघे मात्र पंख्याच्या आवाजानेच रडायला लागले. ऊन चढल्यावर रबर इतकं तापलं की मोठ्या पोरांनीही पळ काढला.

शेवटी आत्याने स्वयंपाकघरातून एक परात, दोन वाट्या आणि तांब्या आणला, आंब्याच्या सावलीत ठेवला आणि म्हणाली, "अंगणात सोडा त्यांना." पुढचा पाऊण तास तांब्यातलं पाणी वाटीत, वाटीतलं परातीत, परातीतलं मातीत. कुणी रडलं नाही. आम्ही सगळे व्हिडिओ काढत होतो. आत्या शेजारी पाटावर बसून शेंगा सोलत होती.

आत्याचं हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. त्यामागे एक इतिहास आहे आणि तो आपल्या रोजच्या एका शब्दात दडलाय: अंगणवाडी.

रोमहून बोर्डीला

लहान मुलांच्या खेळाकडे गंभीरपणे बघायला युरोपातही वेळ लागला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरींनी बालगृह उघडलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मुलांना शोभेच्या खेळण्यांपेक्षा खरी कामं आवडतात: ओतणं, पुसणं, निवडणं, एकात एक बसवणं. आत्याच्या परातीचा खेळ माँटेसरी शाळेत आजही रीतसर शिकवला जातो.

हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक ही दोन मोठी नावं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. तिथवर ही गोष्ट शहरातल्या शिकलेल्या घरांची होती. लाकडी मनोरे, दट्ट्याचे ठोकळे, मोजून-मापून बनवलेली साधनं, आणि ती परवडणारे पालक.

१९४५ साली, पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई बोर्डीला गेल्या. तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातलं हे समुद्रकाठचं गाव. सोबत होत्या पस्तिशीच्या अनुताई वाघ, लहानपणीच वैधव्य येऊनही हट्टाने शिकलेल्या. गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू करायची होती. महागडी साधनं आणायला पैसे नव्हते. मग हाताशी जे होतं तेच साधन झालं. शिंपले, खडे, पानं, फुलं, बिया, काड्या. मोठं-लहान शिकायला शिंपले, रंग ओळखायला फुलं, मोजायला खडे.

हा नाइलाज होता खरा. पण त्या नाइलाजातून एक गोष्ट सिद्ध झाली: मुलाला साधनाची किंमत कळत नाही. त्याला ते हातात घेता आलं पाहिजे, सांडता आलं पाहिजे आणि पुन्हा भरता आलं पाहिजे.

शाळाच अंगणात

दुसरी अडचण जास्त कठीण होती. आजूबाजूच्या पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत येतच नव्हती. पाडे लांब. आईबाप सकाळीच कामाला गेलेले. घरात भूक. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली आठ वर्षांची बहीण तर कुठेच जाऊ शकत नव्हती.

मुलं येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देणं सोपं होतं. ताराबाई-अनुताईंनी शाळाच उचलली आणि पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. जी मुलं गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे वाढलं.

यात 'अंगण' या शब्दाला फार वजन आहे. आपण अंगणाच्या आठवणी काढतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. प्रत्येक अंगण प्रत्येक मुलासाठी उघडं नव्हतं. कुणाच्या पोराने कुठवर यायचं, हे जात ठरवायची. पाड्यावरच्या मुलासाठी गावातली शाळा म्हणजे परक्याचं अंगण. स्वतःच्या अंगणात मात्र तेच पोर मालक असतं.

बोरन्हाणाची शहाणीव

घरच्या समारंभात लहानग्यांना काय खेळवायचं, याचं एक उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. संक्रांतीनंतर होणारं बोरन्हाण आठवा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं बाळ आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे. भोवतालच्या पोरांनी ते वेचायचं. या खेळाला नियम नाही, त्यात कुणी बाद होत नाही. वरून काहीतरी पडतं, आवाज होतो, आपण ते उचलतो. दोन वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवं असतं? हल्ली तिथे चॉकलेटं आणि फोटोसाठी पडदा आलाय. खेळ अजून तोच आहे.

शब्द राहिला, अंगण?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, सगळं तिथे चालतं. अंगणवाडी सेविका तुटपुंज्या मानधनावर हा डोलारा सांभाळतात. यातलं एकही काम कमी महत्त्वाचं नाही. पण रजिस्टरं भरता भरता खेळायला किती वेळ उरतो, हे कुठल्याही सेविकेला विचारून बघा. अनेक ठिकाणी एका खोलीत सगळं भागवायचं असतं आणि नावातलं अंगण नावातच राहतं.

शहरात तर आपल्या घरांनाही अंगण उरलं नाही. गेल्या दिवाळीत आमचं सगळं कुटुंब जमलं ते एका सोसायटीत. यावेळी किल्ला मागवला नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात चटई टाकली. एका परातीत बोटभर पाणी, दुसरीत चाळलेली माती, चार करवंट्या. एका टोपलीत आंबा, पिंपळ, जास्वंद यांची दोन-दोन पानं, जोड्या लावायला. चिंचोके, मणी, वाटाणे मुद्दाम ठेवले नाहीत, कारण या वयात ते थेट नाकातोंडात जातात. भरलेली बादलीही जवळपास ठेवली नाही.

पाचव्या मिनिटाला माती पाण्यात गेली, पानं मातीत गेली. वहिनी म्हणाली, "अगं, कपडे!" आत्याने पाट ओढला, चटईच्या कडेला बसली आणि म्हणाली, "धुता येतात." तिच्या हातात यावेळी मटार होते, मुलांपासून लांब धरलेले.