पिवळं कार्ड आणि 1897 चा प्लेग

परवा मेहुण्याला आणायला सहारला गेलो होतो. लागोसहून आदिस अबाबामार्गे आला. विमान वेळेवर उतरलं, पण हा काही बाहेर येईना. आला तो वैतागूनच. "दाजी, इमिग्रेशनच्या आधीच अडवलं. पिवळं कार्ड बघितल्याशिवाय सोडेनात!"

पिवळं कार्ड म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्याकडे तो नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील, तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा जाच नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस डास, तोच आपला डेंग्यूवाला, आपल्या गल्लोगल्ली आहे. रोग मात्र अजून इथे आलेला नाही. एक आजारी माणूस आणि आपले डास, एवढं पुरे आहे.

पण मेहुण्याच्या वैतागाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांना तपासायचे आणि संशयितांना वेगळं ठेवायचे अधिकार त्यातच आहेत. आजच्या विमानतळावरच्या तपासणीचं मूळ मला तरी त्या रेल्वे फलाटावर दिसतं.

त्या तपासणीचं काय झालं, ते पुण्याला विचारा. गोरे सोजीर घरात घुसले, बायाबापड्यांची अब्रू राहिली नाही. लोकांनी आजारी माणसं लपवली. 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेग मात्र थांबला नाही, पुढे कित्येक वर्षं माणसं मरत राहिली.

1994 मध्ये पारडं फिरलं. सुरतेत प्लेगची बातमी आली आणि आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली. तेव्हा संशयित आपण होतो.

मग 2020. जानेवारीच्या मध्यापासून मुंबई विमानतळावर चीनहून येणाऱ्यांना थर्मल स्कॅनरखालून जावं लागत होतं. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण मात्र दुबईहून आले. 1 मार्चला उतरले, 9 मार्चला पुण्यात निदान झालं. दुबई तेव्हा तपासणीच्या यादीतच नव्हती. आणि असती तरी? स्कॅनरला ताप दिसतो, विषाणू दिसत नाही. लक्षणं नसलेला माणूस, किंवा पॅरासिटामॉल घेऊन आलेला, आरामात पार होतो.

तेव्हा उपयोगी पडली ती यादी. ते कुणाबरोबर फिरायला गेले होते, मुंबईहून पुण्याला कुठल्या टॅक्सीने आले, हे विचारून माणसं शोधली. टॅक्सीचालकही बाधित निघाला. तो कुठल्या यंत्राने नाही, माहितीमुळे सापडला.

पाच दिवसांत, 13 मार्च 2020 ला, महाराष्ट्रात कायदा लागू झाला तो कुठला? तोच, 1897 चा. पाठोपाठ लोकांच्या हातावर शाईचे शिक्के बसले. शिक्केवाल्यांना गाडीतून उतरवलं गेलं, शेजाऱ्यांनी वाळीत टाकलं. मग काहींनी शिक्का बाहीखाली झाकला. सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी रोगी लपवले, आपण शिक्के लपवले. कारण तेच, भीती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विमानतळावरची तपासणी ही भिंत नाही, ती पहिली विचारपूस आहे. माणूस खरं बोलला तरच तिचा उपयोग. आणि खरं बोलल्यावर आपली शोभा होणार नाही, ही खात्री त्याला सरकारने द्यायची, तशी शेजाऱ्यांनीही.

मेहुण्याला गाडीत हे सगळं ऐकवलं. वाशी येईपर्यंत तो झोपला होता. कार्ड मात्र पासपोर्टात नीट घालून ठेवलंय. तुमचं कुणी आफ्रिकेत जाणार असेल तर निघायच्या निदान दहा दिवस आधी लस घ्यायला सांगा. 2016 पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते.