डोंगराचं पासबुक

बँकेतल्या माणसाला इतिहासात गोडी नसते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो साफ खोटा आहे. आम्हांला इतिहास फार आवडतो; फक्त त्यात लढाया कमी आणि खतावण्या जास्त असाव्यात, एवढंच. १७६१ साली पानिपतावरून निघालेल्या त्या सांकेतिक पत्रात मोत्यांचा आणि मोहरांचा हिशेब आहे, खुर्द्याची मात्र गणती नाही. हे वाचलं की माझा जीव आजही खालीवर होतो. चिल्लर न मोजता मंडळींनी दिवस बंद केलाच कसा?

माझ्या पसंतीचा इतिहास मला भेटला तो बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीच्या डोंगरावर. आणि तो दाखवला आमच्या सहा वर्षांच्या चिमीनं. सप्टेंबर २०२४ मधला रविवार होता. सौभाग्यवतींनी डबा हातात देऊन "दोघं जरा निसर्ग बघून या" असं फर्मावलं होतं. घरातले माळे काढायचे असले की तिला आमच्या निसर्गप्रेमाची आठवण होते.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षं इथे लेणी खोदली जात होती. शंभराहून अधिक भरतात. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. ही सर्व माहिती मी चिमीला दिली. आम्ही हेड ऑफिसची परिपत्रकं ऐकतो तशी तिनं ती ऐकून घेतली, आणि खडकात खोदलेल्या एका पन्हळीशी फतकल मारून बसली.

नुकतीच सर येऊन गेली होती. पन्हळीतून बोटभर पाणी पळत होतं. चिमीनं त्यात एक पिवळं पान सोडलं. पान निघालं. पानामागे चिमी, चिमीमागे मी आणि डब्याच्या पिशवीमागे एक माकड! पान दोन वळणं वळलं, पायरीवरून घरंगळलं आणि एका लेण्याच्या दाराशी भोकात गडप झालं.

"बाबा, पान कुठे गेलं?"

"जमा झालं," मी म्हणालो. आत पाण्याचं टाकं होतं.

डोंगरभर अशी टाकी आहेत. चार महिने भरणा करायचा आणि आठ महिने काढत राहायचं, असा सरळ व्यवहार. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. ही टाकी लोकांनी दान दिलेली. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानं दिलेल्या पोढीचा लेख इथे आहे. सोनारानं कान टोचावेत हे ऐकून होतो. सोनारानं डोंगर टोचल्याचं माझ्या माहितीतलं हे पहिलंच उदाहरण.

"मग हे पाणी संपत कसं नाही?" चिमीनं विचारलं.

आता माझी पाळी होती. मी तिला 'अक्षयनीवी' सांगितली. हा शब्द कान्हेरीच्या लेखांतही येतो. नीवी म्हणजे मुद्दल. ते कधी मोडायचं नाही, फक्त व्याज खायचं. याची नमुनेदार नोंद नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १००० पाऊण दरानं. जावई काही घेऊन न जाता उलट ठेवून गेला, हे खरं ऐतिहासिक! पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. मी मनात आकडेमोड केली. महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला २४०. वीस गुणिले बारा, २४०. पैचा फरक नाही! माझे डोळे पाणावले. आमच्या शाखेत एवढा हिशेब पहिल्या झटक्यात जुळला, तर आम्ही पेढे वाटतो.

चिमीला कार्षापण कळले नाहीत, पण मुद्दा कळला. "म्हणजे जंगल मुद्दल आणि पाणी व्याज!" ती म्हणाली. बी.कॉम.ला माझी तीन वर्षं गेली होती. याच जंगलात १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. मुंबई त्यांचं पाणी आजही पिते. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे मुद्दल. त्याच्या चहूबाजूंनी इमारती उभ्या आहेत, कर्जाच्या अर्जदारांसारख्या, एकमेकींच्या खांद्यावरून आत डोकावत.

वरच्या उतारावर कारवी फुलली होती. सगळा उतार जांभळा. कारवी आठेक वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. २०१६ ला फुलली होती, त्यानंतर आत्ता.

"आता परत कधी?"

"२०३२ साली. तेव्हा तू चौदा वर्षांची."

"तेव्हाही आपण दोघं येऊ या हं!"

मी चौदा वर्षांची मुलं पाहिली आहेत. रस्त्यात बाप दिसला तर ती समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचू लागतात. मी म्हटलं, "लिहून दे."

तिनं तिकिटाच्या पाठीवर, लागतील तेवढ्या चुका करून, लिहून दिलं. ती पावती मी पासबुकात जपून ठेवली आहे. मुदत आठ वर्षं. व्याज नको, डोंगरावर आणि आमच्यात, मुद्दल तेवढं शाबूत राहो.